युनिट म्हणजे युनिट? वाऱ्याच्या विजेचं तसं नसतं

सोसायटीच्या ग्रुपवर दर जूनला एक मेसेज फिरतो: ‘साताऱ्याच्या पवनचक्क्या जोरात फिरतायत, आता मुंबईची वीज स्वस्त!’ त्यामागचा समज जुना आहे. वारा जास्त म्हणजे वीज जास्त, म्हणजे तितकाच फायदा. यातलं अर्धंच खरं.

वीज जास्त होते, हे खरं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते (पवनचक्की मात्र तिच्या कमाल क्षमतेपलीकडे जात नाही). पण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे या पवनचक्क्या आहेत, वारा घोंघावतो तो मुख्यतः जून ते सप्टेंबर. नेमक्या त्याच दिवसांत आपण एसी बंद करून खिडक्या उघडतो, शेतकऱ्याचा पंप थांबतो आणि धरणं भरू लागल्याने जलविद्युतही हाताशी असते. गिऱ्हाईक कमी, माल फार! वीज कंपन्या जिथे विजेची खरेदी-विक्री करतात त्या वीजबाजारात दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग असतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. मध्यरात्रीचं युनिट आणि संध्याकाळी ७चं युनिट मीटरला सारखं दिसतं, बाजाराला नाही. दुपारी सौरऊर्जा भाव पाडते. सूर्य मावळल्यावर वाहणारा वारा म्हणूनच मोलाचा.

मग समज टिकला कसा? पवनचक्कीवाले आणि वीज कंपन्या यांच्यातल्या दीर्घकालीन करारांत बहुधा युनिटमागे ठरलेला दर मिळतो, वेळ कोणतीही असो. कागदावर सगळी युनिटं सारखीच. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र मुंबईची मागणी चढते आणि पठारावरचा मोसमी वारा तोवर ओसरलेला असतो.