त्सुनामीच्या मॉडेलचं गाडं उगमापाशीच का अडतं

लाट समुद्र कशी ओलांडते हे गणित जुनंच आहे. लाटेची लांबी शेकडो किलोमीटर आणि समुद्र जेमतेम ४ किमी खोल, म्हणजे तिच्या हिशोबाने तो उथळच, त्यामुळे वेग खोलीवर ठरतो: ४००० मीटर पाण्यात ताशी ७०० किमीच्या वर. १९६० ची चिलीची लाट साधारण १५ तासांत हवाईला पोचली. २०१० ची चिलीची आणि २०११ ची जपानची, या लाटा लांबच्या सेन्सरवर मॉडेलपेक्षा काही मिनिटं उशिरा आल्या, कारण पाणी किंचित दाबलं जातं आणि वजनाने तळही लवतो, पण ही दुरुस्ती झाली.

खरी अडचण उगमाची. १९८५ ला फॉल्टचा (खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगेचा) आकार, कल आणि सरक (दोन बाजू एकमेकींवरून किती सरकल्या ते) टाकून समुद्राचा तळ किती हलला ते काढायची सूत्रं मिळाली, तेव्हापासून बरीच मॉडेलं तळाचा तोच उंचवटा जसाच्या तसा पाण्यावर ठेवून सोडून देतात. पण ती सरक किती, हे सुरुवातीला मॅग्निट्यूडवरूनच, म्हणजे भूकंपाच्या ताकदीच्या आकड्यावरूनच धरायचं.

इथेच ‘त्सुनामी भूकंप’ या शब्दाचा घोळ. १९७२ पासूनचा हा शब्द त्सुनामी आणणाऱ्या कुठल्याही भूकंपासाठी नाहीये, हादऱ्याच्या मानाने लाट फारच मोठी असेल तरच तो वापरायचा. १८९६ ला जपानच्या सान्रिकु किनाऱ्यावर जमीन हळूच हलली, लोकांनी मनावर घेतलं नाही, आणि मग लाट आली, काही ठिकाणी पाणी ३८ मीटरपर्यंत चढलं, सुमारे २२ हजार माणसं गेली. समुद्रतळाच्या खोल खंदकाजवळच्या मऊ गाळात फॉल्ट सावकाश फाटतो, त्यामुळे जमिनीतल्या २० सेकंदांच्या भूकंप-लहरींवर मोजलेला मॅग्निट्यूडचा आकडा कमी येतो. १९९२ च्या निकाराग्वात तो ७ च्या आसपास आला, त्याहून लांब भूकंप-लहरींवरून मात्र ७.६. ‘मंद भूकंप’ म्हणावं तर ते नाव दिवस-आठवडे चालणाऱ्या सरकीसाठी आधीच वापरात आहे. माझ्या मते हे नाव बदलायलाच हवं होतं, ऐकणारा हमखास चुकतो.

आणि आकडा कमी पडायला ‘त्सुनामी भूकंप’च लागतो असंही नाही. २००४ ला सुमात्राचा पहिला आकडा ८.० होता, शेवटी ९.१ ठरला. २०११ ला जपानमध्ये ७.९ धरून ३ मिनिटांत इशारा गेला, मियागी प्रांतात ६ मीटरची लाट, इवाते आणि फुकुशिमात ३ मीटरची. भूकंप ९.० चा निघाला. ३ मीटर ऐकून समुद्रभिंत पुरेल असं काहींना वाटलं. २०१३ पासून तिथे भूकंप अतिमोठा वाटला तर पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगतच नाहीत, फक्त ‘प्रचंड’ म्हणतात.