रोडिओतले बिनपगारी डॉक्टर आले कुठून

टेक्सास, ओक्लाहोमा, वायोमिंग या भागात मोठा रोडिओ, म्हणजे बैलावर, घोड्यावर टिकून राहायच्या, दोर टाकून जनावर पकडायच्या अशा काउबॉय लोकांच्या स्पर्धा, असला की चूट्सच्या मागे, म्हणजे जिथून बैल सोडतात त्या गेटांच्या मागे, एखाद्या खोलीत नाहीतर ट्रेलरमध्ये एक डॉक्टर बसलेला असतो. बरेचदा हाडांचा सर्जन नाहीतर इमर्जन्सीवाला, आणि त्या दिवसाचे पैसे तो घेत नाही. ह्यूस्टनकडच्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी बऱ्याच जणांनी मार्चमधला तिथला रोडिओ पोरांना घेऊन बघितलेला असतो, पण हे फुकट काम करणारे डॉक्टर तिथे का लागतात आणि ही पद्धत पडली कशी हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मुळात रोडिओचा काउबॉय कोणाचा नोकर नसतो हे लक्षात घ्यायला लागतं. अमेरिकन फुटबॉलवाल्याला टीम असते, पगार असतो, टीमचा डॉक्टर असतो. काउबॉय स्वतः एंट्री फी भरतो, स्वतःच्या गाडीने रात्रभर ड्राइव्ह करून पोचतो आणि बैलावर आठ सेकंद टिकला, मार्क चांगले पडले तरच पैसे मिळतात. पडला तर फी पण गेली आणि पेट्रोल पण गेलं. मग दुखापत झाली म्हणून घरी बसणं त्याला परवडत नाही, आणि त्याचं बिल भरायला मागे मालक कोणी नाही.

खेळ जुना आहे. मेक्सिकोतल्या गुराख्यांकडून आलेली कसबं, मग टेक्सासमधलं पेकोस १८८३, ॲरिझोनातलं प्रेस्कॉट १८८८, वायोमिंगमधलं शायेन १८९७, कॅनडातलं कॅल्गरी १९१२, असा तो पसरत गेला. त्या काळात वैद्यकीय सोय म्हणजे गावात जो डॉक्टर असेल त्याला बोलवायचं. बिल पिकेट हा काळा काउबॉय, ज्याच्यामुळे धावत्या बैलाला शिंगं धरून लोळवायचा प्रकार रोडिओत आला, तो १९३२ साली घोड्याची लाथ डोक्यात बसून गेला. बॉनी मॅककॅरल ही घोडेस्वार १९२९ साली ऑरेगनमधल्या पेंडलटनला घोड्याखाली सापडली आणि काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये वारली, त्यानंतर तिथे उसळत्या घोड्यावर बसायची बायकांची स्पर्धाच बंद केली. मला हे वाचताना कायम राग येतो, कारण तसल्याच घोड्यांवर पुरुषही बसायचे आणि मरायचे पण, ते कोणी बंद केलं नाही.

१९३६ साली बोस्टन गार्डन या स्टेडियममध्ये काउबॉय लोकांनी चक्क संप केला. ६१ जणांनी सह्या केल्या, मागणी अशी की बक्षिसाची रक्कम दुप्पट करा आणि आमची एंट्री फी पण त्यात धरा. त्यातून काउबॉयज टर्टल असोसिएशन उभी राहिली आणि पुढे नावं बदलत बदलत तीच १९७५ साली पीआरसीए (प्रोफेशनल रोडिओ काउबॉयज असोसिएशन) झाली, जी आज सगळ्यात मोठी संघटना आहे. संघटना आली, नियम आले, पण खेळाडू स्वतंत्रच राहिला आणि मैदानावर दवाखाना काही आला नाही. हाड मोडलं की मित्रांनी चिकटपट्टी गुंडाळायची आणि पुढच्या गावाला निघायचं, असं १९७० च्या दशकातही चालायचं, आणि ४ जुलैच्या आसपास तर इतके रोडिओ लागून असतात की दोन दिवसांत तीन गावं करणारे लोक होते.

बदल आला तो फुटबॉलमधून. डॅलस काउबॉयज या टीमचा फुलबॅक वॉल्ट गॅरिसन ऑफ सीझनमध्ये रोडिओ करायचा, आणि त्याला एवढं वेड होतं की टीमने करार केला तेव्हा त्याने बोनस म्हणून घोडे न्यायचा ट्रेलर मागितला. १९७५ साली बैल लोळवताना त्याचा गुडघा गेला आणि फुटबॉल करिअरच संपलं. त्या टीमचे ऑर्थोपेडिक सर्जन होते डॉ. जे. पॅट इव्हान्स. एका बाजूला फुटबॉलवाल्यांना मिळणारी सगळी ट्रीटमेंट ते रोज बघत होते, टेपिंग, बर्फ, फिजिओ, वेळेवर ऑपरेशन, आणि दुसरीकडे तितकाच मार खाणाऱ्या रोडिओवाल्यांना काहीच नव्हतं. इव्हान्स, गॅरिसन आणि डॉन अँड्र्यूज नावाचे ट्रेनर यांनी मिळून १९८० साली काम चालू केलं, तेव्हा वर्षाची फायनल, म्हणजे नॅशनल फायनल्स रोडिओ, ओक्लाहोमा सिटीला व्हायची. मग बूट बनवणारी जस्टिन कंपनी खर्चाला उभी राहिली आणि जस्टिन स्पोर्ट्समेडिसिन टीम हे नाव पडलं. आता वर्षाला शंभरावर रोडिओंना ही टीम असते, सामानाने भरलेले ट्रेलर गावोगावी फिरतात, जिथे जातात तिथले डॉक्टर आणि ट्रेनर आपला वेळ देतात आणि काउबॉयला पैसे पडत नाहीत.

खरं काम रोडिओ चालू व्हायच्या आधीच असतं. दोन-तीन तास आधीपासून पोरं रांगेत उभी, कोणाचं मनगट, कोणाची जांघ. विनाखोगीर घोड्यावर बसणाऱ्याचा कोपर विशेष जपून बांधायला लागतो, कारण एका हाताने धरलेलं असतं आणि घोडा उसळला की सगळा झटका त्या कोपरात जातो, हात उलटा ताणला जातो. टेप लावताना कोपर थोडा वाकवून ठेवायचा आणि मागच्या बाजूने असं ओढून बांधायचं की पूर्ण सरळ होऊच नये. दोरवाल्यांमध्ये, म्हणजे फास टाकून जनावर पकडणाऱ्यांमध्ये, खोगिराच्या खुंट्याला दोर गुंडाळताना अंगठा मध्ये सापडला तर तुटतोच, ते टेपने थांबत नाही. आणि बैलावरून कोणी पडला की डॉक्टरने लगेच आत पळायचं नसतं, आधी बुलफायटर लोक बैलाला आपल्या अंगावर ओढून बाजूला नेतात, सात-आठशे किलोचं जनावर असतं ते, रस्ता मोकळा झाला की मगच मेडिकलवाले आत जातात. ते काही सेकंद कठड्याशी नुसतं थांबायचं, हे हॉस्पिटलमध्ये आयुष्य काढलेल्या डॉक्टरला सुरुवातीला फार जड जातं.

मग १९८९. ३० जुलैला शायेनमध्ये लेन फ्रॉस्ट, १९८७ चा वर्ल्ड चॅम्पियन, वय २५, राइड पूर्ण करून खाली उतरला आणि बैलाने पाठीत शिंग मारलं. तो उठला, हात करून मदत मागितली आणि कोसळला. बरगड्या मोडून आतली मोठी रक्तवाहिनी फाटली होती. कोडी लँबर्ट हा त्याच्या बरोबर फिरणारा मित्र, त्याने पुढच्या काही वर्षांत बैलस्वारांसाठी छाती-पाठ झाकणारं जॅकेट तयार केलं आणि बघता बघता ते सगळ्यांच्या अंगावर आलं. मला वाटतं रोडिओच्या इतिहासात जीव वाचवणारी सगळ्यात मोठी गोष्ट ही, आणि ती एका बैलस्वाराने केली. पण जॅकेटलाही मर्यादा आहे, २०१९ च्या जानेवारीत डेन्व्हरला मेसन लोव जॅकेट घालूनच होता, बैलाचा पाय छातीवर पडला आणि तो गेला.

डोक्याचं प्रकरण मात्र फार उशिरा मनावर घेतलं गेलं. १९९५ साली बोडेशस नावाच्या बैलाने टफ हेडमन या चॅम्पियनचा चेहरा अक्षरशः फोडला, बरीच हाडं मोडली, मोठं ऑपरेशन झालं. त्याच वर्षी फायनलला तोच बैल पुन्हा वाट्याला आला तेव्हा हेडमनने त्याला तसंच मोकळं सोडून दिलं, बसलाच नाही. नंतर दुसऱ्या एका स्वाराचं तोंड फुटल्यावर मालकाने बैलालाच निवृत्त केलं. तरी हेल्मेट बरीच वर्षं ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. पीबीआर ही फक्त बैलस्वारीची संघटना, १९९२ साली स्वारांनीच काढलेली, तिने २०१३ पासून १५ ऑक्टोबर १९९४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. म्हणजे जुन्यांना सूट, नव्यांना नियम, काउबॉय हॅटचा मान सांभाळत काढलेला मार्ग आहे तो, मला अर्धवट वाटतो पण निदान सुरुवात झाली.

टाय पोझोबॉन हा कॅनडाचा स्वार, डोक्याला कितीतरी मार खाल्लेला. जानेवारी २०१७ मध्ये २५ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. घरच्यांनी मेंदू तपासणीला दिला आणि त्यात सीटीई निघालं, म्हणजे वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, बैलस्वारात तो असा पक्का सापडायची ही पहिलीच वेळ. खरं तर डॉक्टर मंडळी आधीपासून ओरडत होती, २००४ च्या जुलैत कॅल्गरीला रोडिओच्या दुखापतींवर आंतरराष्ट्रीय परिषद घेऊन एकत्र निवेदन पण काढलं होतं.

इथेच या डॉक्टरांची खरी अडचण आहे. टीमचा डॉक्टर खेळाडूला बसवून ठेवू शकतो, कारण टीमच पगार देते. रोडिओत वर्षानुवर्षं डॉक्टर फक्त सांगू शकायचा, बाबा रे आज बसू नकोस, आणि पोरगा ऐकून घ्यायचा, टेप लावून घ्यायचा आणि बसायचा. म्हणून इव्हान्स आणि त्यांच्यानंतर डॅलसचेच डॉ. टँडी फ्रीमन, जे जस्टिन आणि पीबीआर दोन्हीकडे वर्षानुवर्षं मुख्य राहिले, यांचं सगळं काम भरवशावर चाललं. हा माणूस आपल्याला उगाच घरी पाठवणार नाही असं वाटलं तरच काउबॉय खरं दुखणं सांगतो, नाहीतर मान मोडली तरी बरा आहे म्हणेल. आणि डॉक्टर आयोजकाचे पैसे घेत नाही याचा त्या भरवशात मोठा वाटा आहे असं माझं मत आहे. पीबीआरमध्ये आता डोक्याला मार लागल्याची शंका आली की चाचण्या पास झाल्याशिवाय बसू देत नाहीत, पण गावोगावच्या छोट्या रोडिओंमध्ये आजही शेवटचा शब्द त्या पोराचाच असतो.

ज्यांना हे काम करायचंय त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेत डॉक्टरचं लायसन्स राज्यापुरतं असतं, त्यामुळे टेक्सासचा डॉक्टर उठून वायोमिंगच्या मैदानावर टाके घालू शकत नाही. १९९७ च्या फेडरल कायद्याने ना-नफा संस्थेसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकाला साध्या चुकीबद्दलच्या दाव्यातून संरक्षण आहे, पण लायसन्स त्या राज्याचं हवं आणि ढळढळीत निष्काळजीपणा झाला तर ते संरक्षण मिळत नाही. बरेच रोडिओ खासगी कंत्राटदार भरवतात, तिथे हा कायदा लागू होतोच असं नाही, त्यामुळे आपला मालप्रॅक्टिस इन्शुरन्स मैदानावरचं काम धरतो का हे आधी लेखी विचारून घ्यावं.