कमी ताकदीची गोळी आणि कठड्यातला माणूस

औषधात विष निघाले की बोंब होते. औषधात औषधच कमी निघाले, तर बहुधा कोणाला पत्ताही लागत नाही. रोगी खालावतो, घरचे म्हणतात दुखणेच वाईट होते, डॉक्टर मात्रा वाढवतात. संशय बाटलीवर जात नाही.

डिजिटॅलिसच्या बाबतीत तर यात दुहेरी धोका होता. फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाच्या पानांपासून केलेले हे हृदयविकाराचे औषध. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ मध्ये त्यावर सविस्तर लिहिले, तेव्हापासून ते वापरात आहे. गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत याचे अंतर फार थोडे. समजा, रोग्याला अर्ध्या ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. गुण येईना म्हणून डॉक्टरांनी मात्रा दुप्पट केली. पुढची बाटली पूर्ण ताकदीची आली, की मळमळ, पिवळे दिसणे आणि हृदयाचे ठोके बिघडणे ठरलेलेच. म्हणजे पहिली बाटली हलकी आणि दुखापत करणारी दुसरी, जी अगदी बरोबर होती!

ताकद मोजायची कशी, हाही प्रश्नच. पानापानात फरक, सुकवताना ओल राहिली तर आणखी घट, आणि रासायनिक मोजणीची भरवशाची पद्धत हाती नव्हती. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम बेडकांकडे आले. ठरलेल्या वेळात किती अर्काने बेडकाचे हृदय थांबते, ते पाहायचे. बेडूकही ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून त्याच वेळी प्रमाणित चूर्णाचा अर्क दुसऱ्या बेडकांना टोचून तुलना करायची. नंतर मांजरे आणि कबुतरेही या कामी आली. लेबलवरच्या आकड्यामागे असे जीव होते.

या आकड्याला अमेरिकेत कायद्याचे बळ मिळाले ते १९०६ च्या अन्न व औषध कायद्याने. फार्माकोपियातले, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथातले, नाव लावून विकलेले औषध त्यातल्या मानकाला उतरले नाही आणि वेगळी ताकद लेबलवर स्पष्ट लिहिलेली नसली, तर ते ‘भेसळयुक्त’. आपण भेसळ म्हणतो ती काहीतरी मिसळल्यावर. इथे काहीच मिसळायची गरज नव्हती. कमी भरले तरी भेसळच. मला ही व्याख्या फार नेमकी वाटते.

कायद्यात भोके मात्र होती. १९३७ मध्ये एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकले आणि शंभरहून अधिक माणसे गेली, त्यांत पुष्कळ मुले. विकण्याआधी सुरक्षितता तपासा, असे कायदा सांगतच नव्हता. अखेर कंपनीला धरले ते एका शब्दावरून: बाटलीवर ‘एलिक्सिर’ लिहिले होते, एलिक्सिरमध्ये अल्कोहोल असते असा संकेत, आणि यात ते नव्हते. इतके बळी, आणि खटला चुकीच्या लेबलाचा! पुढच्याच वर्षी नवा, कडक कायदा आला.

त्या कायद्याची खरी कसोटी लागली ती पुन्हा डिजिटॅलिसवर. बफेलो फार्माकल ही कंपनी दुसऱ्यांनी बनवलेली औषधे घेऊन आपले लेबल लावून विकत असे. तिने पाठवलेल्या मालातले डिजिटॅलिस कमी ताकदीचे निघाले, शिवाय लेबल चुकल्याचेही आरोप होते. खटला कंपनीवर आणि तिचा कारभार पाहणाऱ्या जोसेफ डॉटरवाइकवर. कंपनीबाबत ज्यूरीचे एकमत झाले नाही, डॉटरवाइक मात्र दोषी! अपील कोर्टाने त्याला सोडवले. १९४३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाचविरुद्ध चार मतांनी शिक्षा पुन्हा कायम केली. त्याने लबाडी केली, किंवा त्याला हे ठाऊक होते, असे सिद्ध करण्याची गरज नाही, असे न्यायालय म्हणाले. लोकांच्या जिवाशी संबंध असलेल्या कामात ज्याच्या हाती जबाबदारी, चूक न होऊ देण्याचा भारही त्याच्यावरच. उत्पादकाकडून माल शुद्ध असल्याची लेखी हमी घेण्याची सोय कायद्यात होतीच. तशी हमी असती तर तो सुटू शकला असता.

न कळता झालेल्या चुकीला गुन्हेगार ठरवणे कठोरच, आणि चार न्यायमूर्तींनाही ते पटले नव्हते. पण गोळी गिळणाऱ्याकडे बेडूक नसतात. तपासू शकतो तो विकणाराच.

पुढे पानांच्या चूर्णाची जागा फॉक्सग्लोव्हच्याच दुसऱ्या एका जातीतून मिळणाऱ्या शुद्ध द्रव्याने, डिगॉक्सिनने घेतली. आता रासायनिक मोजणी सोपी झाली, तेव्हा प्रश्न मिटायला हवा होता. पण १९७१ मध्ये लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या डिगॉक्सिन गोळ्या माणसांना देऊन रक्तातले प्रमाण मोजले. सारख्याच मात्रेच्या गोळ्यांत सातपटीपर्यंत फरक! एकाच उत्पादकाच्या दोन खेपांतही तफावत होती. कारण गोळीत औषध असून भागत नाही, ते पोटात सुटावेही लागते. कणांचा आकार किंवा घडण बदलली, तर लेबलवरचा आकडा खरा राहूनही शरीराला औषध अपुरे पडते.

त्यानंतर डिगॉक्सिनच्या मानकांत विरघळण्याची चाचणी आली: जाळीच्या छोट्या टोपलीत गोळी ठेवून ती द्रवात फिरवायची आणि ठरलेल्या वेळात किती औषध सुटले ते मोजायचे. त्यात जी गोळी नापास होते, ती आत पूर्ण मिलिग्रॅम भरलेले असूनही मानकाला उतरत नाही; १९०६ च्या त्या जुन्या व्याख्येने पाहिले, तर तीही भेसळच.