मधमाशी आणि गांधीलमाशीच्या विषाची ॲलर्जी

मधमाशी चावली की जागा सुजते, ठणकते, हे सगळ्यांनाच होतं, ती ॲलर्जी नव्हे. बोटाला चावून हात कोपरापर्यंत सुजला आणि दोन-तीन दिवस तसाच राहिला तर ती मोठी लोकल रिॲक्शन, त्रास खूप पण जिवाला धोका सहसा नसतो. खरी भीती वेगळीच, चावली पायाला आणि काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, धाप लागली, चक्कर येऊन माणूस कोसळला, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. आधीच्या डंखाने शरीरात विषाविरुद्ध आयजीई अँटिबॉडी (ॲलर्जी घडवून आणणारी प्रथिनं) तयार झालेल्या असतात, म्हणून "मागे चावली तेव्हा काही झालं नव्हतं" यावर कृपा करून विसंबू नका.

गडावर आग्यामोहोळ उठतं ती गोष्ट निराळी, तिथे शेकडो डंखांचं विषच इतकं जातं की ॲलर्जी नसलेल्याचीही किडनी बंद पडू शकते.

मधमाशीची नांगी कातडीत राहते आणि विष सोडत राहते, त्यामुळे नखाने, चिमट्याने, कशानेही पण लगेच काढायची, चुना शोधत बसायचं नाही. ॲनाफिलॅक्सिसवर पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम. नुसतं एविल-डेक्सा (ॲलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड) देऊन वाट बघणं चूकच, त्याने घसरलेलं बीपी सावरत नाही. पेशंटला आडवं करून पाय वर ठेवायचे, उठवून चालवायचं नाही, आणि बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच ठेवायचं कारण रिॲक्शन उलटू शकते.

निदानात सगळ्यात महत्त्वाची हकिगत: कोणती माशी, नांगी राहिली का, किती वेळात काय झालं. मग स्किन टेस्ट आणि रक्तातली आयजीई, पण डंखानंतर ४ ते ६ आठवडे थांबून, लगेच केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. नुसती टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजार नाही, कधीच रिॲक्शन न आलेल्या कितीतरी लोकांची ती पॉझिटिव्ह येते. रक्तातलं ट्रिप्टेजही (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशींतून येणारं प्रथिन) बघतात, ते कायम जास्त असेल तर मास्टोसायटोसिसची, म्हणजे या पेशी फाजील वाढण्याच्या आजाराची, शंका घेतात.

कायमचा उपाय म्हणजे शुद्ध विषाचीच इंजेक्शनं, अगदी थोड्यापासून चढवत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत, मग दर ४ ते ८ आठवड्यांनी, ३ ते ५ वर्षं. आधी अख्खी माशी वाटून केलेला अर्क टोचायचे, १९७८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासात तो प्लासिबोइतकाच (औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनाइतकाच) निघाला आणि शुद्ध विष मात्र लागू पडलं. गांधीलमाशीच्या ॲलर्जीत हा कोर्स मधमाशीपेक्षा जास्त जणांना लागू पडतो, आणि ज्यांना रोज पेट्या हाताळायच्याच आहेत अशा मधपाळांचा डॉक्टर पुढेही चालू ठेवतात.