फ्यूग प्लेन आणि अश्रद्धांची भिंत

फर्गॉटन रेल्म्स या काल्पनिक जगात मेलेल्या माणसाचा आत्मा सर्वप्रथम ज्या करड्या, ओसाड माळावर जाऊन पोहोचतो, त्याला फ्यूग प्लेन म्हणतात. कॅनडाचे एड ग्रीनवूड लहानपणापासून हे जग मनाशी रचत आले होते. १९८७ मध्ये टीएसआर कंपनीने ते डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग, म्हणजे प्रत्येक खेळाडू एकेक काल्पनिक पात्र होऊन खेळतो अशा, खेळासाठी प्रसिद्ध केले. या जगात देव प्रत्यक्ष आहेत, त्यांच्या पुजाऱ्यांच्या मंत्रांनी जखमा भरतात आणि मेलेले उठतात. त्यामुळे मरणानंतर आत्म्याचे काय होते, याचे उत्तर तिथे नियमपुस्तकातच सापडते. ते उत्तर क्रूर आहे, आणि त्या जगाची रचना पाहिली की ते क्रूर का आहे हेही कळते.

माळावर येणाऱ्या अनेक आत्म्यांना आपण मेलो आहोत याची जाणीवच नसते. ते तिथे भटकत राहतात. अधूनमधून निरनिराळ्या देवांचे दूत येतात आणि आपापल्या भक्तांना घेऊन जातात. भक्ताचे पुढचे बरेवाईट त्याचा देव ठरवतो. काही काळाने त्याच्या आठवणी पुसट होतात आणि तो त्या देवलोकाचा रहिवासी बनतो. या प्रतीक्षेच्या काळात बाटेझू, म्हणजे नरकाचे सैतान, माळावर येऊन आत्म्यांशी सौदे करतात. मृत्युदेव केलेमव्होरने त्यांना तशी मुभा दिली आहे, पण आपण कोण आहोत हे लपवण्याची मुभा नाही. ज्याला आपल्या देवाकडून कठोर शिक्षेचे भय असते, तो कधीकधी सौदा पत्करतो आणि लेमूर नावाचा, सैतानांतला सर्वांत खालच्या दर्जाचा लिबलिबीत जीव होऊन पडतो. तानारी राक्षसांना सौद्याची गरज वाटत नाही. ते धाड घालतात आणि हाती लागतील ते आत्मे पळवतात.

ज्यांना न्यायला कोणीच येत नाही, त्यांची वाट न्यायनगरीकडे जाते. तिथल्या स्फटिकमनोऱ्यात मृतांचा अधिपती केलेमव्होर न्यायनिवाडा करतो. त्याच्यापुढे येणारे आत्मे दोन प्रकारचे असतात. एक देव पत्करून त्याच्याशी द्रोह करणारे ते प्रतारक. त्यांना अपराधाच्या प्रमाणात शिक्षा मिळते आणि ती त्याच नगरीत भोगावी लागते. कोणाला हलकीशी चाकरी मिळते, कोणाला अतोनात यातना. दुसरे अश्रद्ध, म्हणजे आयुष्यभर कोणत्याही देवाला न मानलेले. त्यांना नगरीभोवतीच्या भिंतीत विटांसारखे चिणले जाते. एक हिरवट बुरशी त्यांना जागच्या जागी धरून ठेवते आणि हळूहळू आत्मा विरघळून नाहीसा होतो.

कर्मसिद्धांतात वाढलेल्या वाचकाला हे विशेष खटकते. चित्रगुप्ताच्या वहीत निदान पापपुण्य लिहिलेले असते. इथे एखाद्या वैद्याने जन्मभर गोरगरिबांची सेवा केली पण देवापुढे हात जोडले नाहीत, तर तो भिंतीत जातो. अत्याचाराच्या देवाची मनोभावे पूजा करणारा खुनी मात्र आपल्या देवाच्या राज्यात जातो. कारण सरळ आहे. त्या जगाचा सर्वोच्च नियंता एओ याने एका मोठ्या उत्पातानंतर देवांचे बळ त्यांच्या भक्तांच्या भक्तीशी जखडून टाकले. पूजा थांबली तर देव क्षीण होतो. अशा व्यवस्थेत देवाविना जगता आणि मरता येणे ही समस्त देवांच्या अस्तित्वावरची गदा ठरते, आणि भिंतीची दहशत ती थोपवून धरते.

ही भिंत केलेमव्होरची निर्मिती नाही. मुळात मृतांचा स्वामी जर्गल होता. त्या पदाचा कंटाळा आल्यावर त्याने आपले अधिकार बेन, भाल आणि मर्कुल या तीन महत्त्वाकांक्षी मर्त्यांना देऊन टाकले आणि स्वतः मृतांची नोंद ठेवणारा लेखनिक म्हणून राहिला. मृतांचे राज्य मर्कुलच्या वाट्याला आले, आणि भिंत त्याचीच. त्या जगातल्या डेल कालगणनेच्या १३५८ साली एओने देवांना मर्त्यलोकात ढकलून दिले. वर म्हटलेला उत्पात तो हाच. त्या धामधुमीत मर्कुल नष्ट झाला आणि त्याची जागा सिरिक या कपटी मर्त्याने बळकावली. केलेमव्होर हा तेव्हा त्याच्याबरोबर प्रवास करणारा साधा भाडोत्री योद्धा होता. सिरिकच्याच हातून तो मेला. त्याचा आत्मा दहा वर्षे एका तलवारीत दडवलेला होता, आणि तिथून सुटल्यावर तो सिरिकला हटवून मृतांचा अधिपती झाला.

या सगळ्या पुराणातला सर्वांत मोलाचा भाग यानंतर येतो. केलेमव्होर माणूस होता आणि माणसासारखाच न्याय करू लागला. भिंत त्याने पाडली. श्रद्धा न पाहता सज्जनांना सुखाची जागा आणि दुर्जनांना शिक्षा, असा त्याचा कारभार सुरू झाला. परिणाम उलटे झाले. मरणानंतर भलेच होणार या खात्रीने शूर आणि सज्जन माणसे जीव उधळू लागली, आणि देवांची गरज उरली नाही म्हणून उपासना ओसरू लागली. इतर देवांनी त्याच्यावर देवपदाला न शोभणाऱ्या माणुसकीचा आरोप ठेवला. अखेर केलेमव्होरने दयामाया बाजूला ठेवून तटस्थ न्यायाधीशाची भूमिका स्वीकारली आणि भिंत पुन्हा उभी राहिली. लेखकांनी ही घटना परिपक्वतेची म्हणून रंगवली आहे. ती पराभवाची आहे. एका भल्या माणसाला योग्य काय ते कळले होते, आणि व्यवस्थेने त्याला ते सोडायला लावले.

हे शल्य खेळ घडवणाऱ्यांनाही बोचत असावे. ऑब्सिडियन कंपनीच्या 'नेव्हरविंटर नाइट्स २' या संगणकीय खेळाची 'मास्क ऑफ द बिट्रेयर' ही २००७ मधील पुरवणी सगळी या भिंतीभोवतीच फिरते. अकाची हा मर्कुलचा पुजारी. त्याच्या प्रेयसीला भिंतीत चिणले गेल्यावर तो आपल्याच देवाविरुद्ध सैन्य घेऊन मृतांच्या नगरीवर चालून जातो. खेळाडूला त्या बंडाचा वारसा मिळतो. भिंतीपर्यंत जाता येते, तिच्यावरून लढता येते, पण खेळाडूने काहीही केले तरी ती कोसळत नाही. अनेक खेळाडूंना हा शेवट अन्याय्य वाटला. मात्र भिंत सहज पडली असती, तर अकाचीच्या बंडाला वजनच उरले नसते.

मृतांना परत आणण्याचे नियमही याच चौकटीत बसतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत साध्या पुनरुज्जीवन मंत्राला ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि मृत्यूला दहा दिवसांहून अधिक काळ लोटलेला चालत नाही. सर्वांत प्रभावी मंत्राला २५,००० मुद्रांचे हिरे लागतात, आणि तो २०० वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतो. दोन्हींची अट एकच: आत्मा मोकळा हवा आणि परतायला राजी हवा. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' या संगणकीय खेळात विदर्स नावाचा एक वाळकुडा पुरुष २०० मुद्रा घेऊन खेळाडूच्या मेलेल्या साथीदाराला उठवतो. तो जर्गलच असल्याचे खेळात ठळक संकेत आहेत.

२०१५ मध्ये आलेल्या, सोर्ड कोस्ट या त्या जगातल्या किनारी प्रदेशाविषयीच्या मार्गदर्शक पुस्तकात भिंतीचा उल्लेख होता. २०२० च्या शुद्धिपत्रात प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टने तो काढून टाकला. तिच्या जागी दुसरी तरतूद केली नाही. त्यामुळे एखाद्या खेळाडूचे पात्र कोणत्याही देवाला मानत नसेल, तर त्याच्या आत्म्याचे काय करायचे हे आता त्या गटाचा डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, ठरवतो. भिंत ठेवायची असेल, तर पात्र रचतानाच खेळाडूला तसे सांगायला हवे. पात्र मेल्यावर ही गोष्ट कळणे फार वाईट.