कुनूत-ए-नाजिला

युद्ध, कत्तल, दुष्काळ, साथ असलं काही मोठं संकट मुसलमानांवर आलं की फर्ज (सक्तीच्या) नमाजेत, आपल्याकडं बहुतेक फजरच्याच (पहाटेच्या), दुसऱ्या रकातीत (फेरीत) रुकूतून (कमरेत वाकलेलं असताना) उठल्यावर लगेच सजद्यात (कपाळ जमिनीला टेकायला) न जाता उभ्या उभ्याच इमाम जी लांब दुआ मागतो आणि मागं उभी असलेली जमात आमीन म्हणते, तिला कुनूत-ए-नाजिला म्हणतात. बोलण्यात ‘कुनूते नाजिला’. हनफी लोक (हनफी, शाफई, मालिकी, हंबली हे सुन्नी धर्मकायद्याचे चार पंथ) वित्रमध्ये, म्हणजे रात्रीच्या शेवटच्या नमाजेत, रोज वाचतात ती दुआ-ए-कुनूत वेगळी आणि शाफई लोक फजरला रोज वाचतात ती तिसरीच, पण तिन्हींना कुनूतच म्हणत असल्यानं गल्लत होते, आणि पुढं जो वाद सांगितलाय त्याचं निम्मं मूळ याच गल्लतीत आहे असं म्हणायला हरकत नाही.

कुनूत या अरबी शब्दाला आज्ञेत राहणं, गप्प राहणं, बराच वेळ उभं राहणं, दुआ मागणं असे बरेच अर्थ आहेत. इब्न हजर अस्कलानी (मृत्यू 1449) यांनी ‘फतहुल बारी’ या बुखारीच्या हदीससंग्रहावरच्या भाष्यात आपले गुरू इराकी यांच्या ओळी दिल्यात, त्यात दहा अर्थ मोजलेत. कुराणात दुसऱ्या सूरेच्या 238 व्या आयतीत ‘कानितीन’ (कुनूत करणारे) होऊन उभे राहा असं आलंय, पण त्यातनं संकटाची दुआ असा अर्थ काढणं म्हणजे ओढूनताणून होईल. नाजिला म्हणजे वरून उतरलेलं, आपण ‘संकट कोसळलं’ म्हणतो तसंच. याचंच अनेकवचन नवाजिल, आणि मालिकी मुफ्ती नव्यानं उपटलेल्या प्रश्नांवरच्या फतव्यांनाही नवाजिलच म्हणत आलेत, त्यामुळं जुन्या ग्रंथाच्या नावात हा शब्द दिसला म्हणजे आत ही दुआ असेलच असं नाही.

उगम बहुतेक सगळे बिअर-ए-मऊना या विहिरीपाशी घडलेल्या घटनेशी जोडतात. हिजरी 4 चा सफर महिना, म्हणजे साधारण इ.स. 625 चा उन्हाळा, मक्केवाल्यांशी उहुदची लढाई होऊन चारेक महिने झालेले. बनू आमिर टोळीचा म्हातारा सरदार अबू बरा यानं आमच्या भागात धर्म शिकवायला माणसं पाठवा, त्यांची जबाबदारी माझी असं सांगितलं, त्यावर पैगंबर मुहम्मद (स.) यांनी कुराण पाठ असलेले लोक पाठवले. पैगंबरांचा जुना चरित्रकार इब्न इसहाक 40 म्हणतो, बुखारीत 70 आहे, पुढच्यांनी 70 च धरलेत. विहिरीपाशी पोचल्यावर हराम बिन मिलहान पत्र घेऊन पुढं गेले, त्यांना अबू बराचाच पुतण्या आमिर बिन तुफैल यानं मारवलं, मग त्यानं आपल्या टोळीला हाक दिली तर टोळीनं म्हाताऱ्याचा शब्द मोडायला साफ नकार दिला, म्हणून बनू सुलैममधल्या रिअल, जकवान आणि उसैया या शाखा गोळा करून त्यानं जवळजवळ सगळ्यांना कापून काढलं. मेलेले लोक लढायला गेलेले नव्हते, शिकवायला गेलेले होते आणि दिलेल्या अभयाखाली होते. त्यानंतर पैगंबरांनी महिनाभर नमाजेत या टोळ्यांची नावं घेऊन बद्दुआ केली असं त्यांचे सोबती हजरत अनस सांगतात. हराम हे अनस यांचे मामा, म्हणजे सांगणारा माणूस घरातलाच.

इथून पुढं तपशील गुंततो. अनस यांच्या काही कथनांत या तीन शाखांबरोबर बनू लिहयानचंही नाव येतं, पण लिहयानवाल्यांचा गुन्हा वेगळा, रजीअ इथला, तिथं दुसऱ्याच एका छोट्या तुकडीला दगा झाला होता. मग हे नाव आलं कसं? एक म्हणणं असं की सांगणाऱ्यानं दोन घटना एक केल्या. दुसरं असं की दोन्ही घटना एकाच सुमाराच्या, जुना इतिहासकार वाकिदी याच्या म्हणण्याप्रमाणं दोन्ही बातम्या मदीनेत एकाच रात्री आल्या, त्यामुळं दुआ एकच झाली आणि नावं चार. हे दुसरं जास्त सरळ वाटतं.

रुकूच्या आधी का नंतर, हाही वाद अनस यांच्यापाशीच जातो. आसिम अल-अहवल यांनी त्यांना विचारलं तर ते म्हणाले आधी. अमुक माणूस तुमच्या नावावर नंतर असं सांगतो म्हटल्यावर म्हणाले तो चुकला, नंतरची कुनूत फक्त एक महिना होती. हे बुखारीत आहे, आणि याच एका कथनावरनं नाजिला ही नेहमीच्या कुनूतपेक्षा वेगळी गोष्ट आहे असं धरता येतं, बाकी पुराव्यांची फार गरज पडत नाही.

सगळ्यात जास्त शाई मात्र तिसऱ्या सूरेच्या 128 व्या आयतीवर खर्च झालीय. ‘या बाबतीत तुझ्या हाती काही नाही’, अल्लाह त्यांना माफ करेल किंवा शिक्षा देईल, असा तिचा आशय. ती कधी उतरली याची तीन कथनं आहेत. मुस्लिमच्या संग्रहात एकीकडं उहुदला पैगंबरांचा दात तुटला, चेहरा रक्ताळला तेव्हा. बुखारीत सफवान बिन उमैया, सुहैल बिन अम्र आणि हारिस बिन हिशाम या मक्केच्या तिघांची नावं घेऊन बद्दुआ चालली होती तेव्हा. तिसरं पैगंबरांचे आणखी एक सोबती अबू हुरैरा यांचं, की रिअल आणि जकवानवर बद्दुआ चालू असताना आयत आली आणि ती थांबली. अडचण उघड आहे, आयत उहुदच्या संदर्भातली आणि रिअल-जकवानचं प्रकरण उहुदनंतरचं, मग नंतरच्या गोष्टीवर आधीची आयत कशी उतरेल. इब्न हजर यांचा निवाडा असा की ‘आयत उतरेपर्यंत’ हा तुकडा मूळ कथनातला नाहीच, मधले रावी (कथन पुढं सांगणारे) जुहरी यांचं बोलणं त्यात मिसळलंय. काही हनफी या आयतीनं कुनूत रद्दच झाली म्हणायचे, ते फार कुणी उचलून धरलं नाही. आयत दुआ बंद करत नाही, ठराविक माणसांचा शेवट ठरवायचा हक्क काढून घेते, असं वाचलं तर तिन्ही कथनं बऱ्यापैकी जुळतात. आणि वर दिलेले ते तिघंही मक्का जिंकल्यावर (इ.स. 630) मुसलमान झाले, सुहैल तर मक्केवाल्यांशी झालेल्या हुदैबियाच्या तहात समोरच्या बाजूनं बोलणी करायला बसलेला माणूस.

बिअर-ए-मऊनाची एक बाजू कुनूतच्या चर्चेत सहसा येत नाही, ती इथं द्यायला हवी. वाचलेल्यांपैकी अम्र बिन उमैया हे मदीनेला परतताना वाटेत बनू आमिरची दोन माणसं भेटली, त्यांनी बदला म्हणून झोपेत दोघांना मारलं, त्या दोघांना पैगंबरांचं अभय होतं हे त्यांना माहीत नव्हतं. मदीनेत आल्यावर पैगंबरांनी त्या दोघांची दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, भरायचं ठरवलं. म्हणजे एकीकडं मारेकऱ्यांवर नाव घेऊन दुआ चालू आणि दुसरीकडं त्याच प्रकरणात आपल्या माणसानं भलत्यालाच मारलं म्हणून पैसे मोजणं चालू. दहशतवादाला उत्तर काय द्यावं यावर हल्ली जे लिहिलं जातं त्यात पाचव्या सूरेची 32 वी आयत, एकाला मारणं म्हणजे सगळ्या माणसांना मारणं, ही हटकून असते. या दियतीचा दाखला मात्र क्वचित दिसतो, खरं तर तो जास्त नेमका आहे.

मजहबांची, म्हणजे या चार पंथांची, मतं थोडक्यात अशी. शाफईंकडं फजरला कुनूत रोजचीच सुन्नत, राहिली तर सजदा-ए-सहू (चुकीची भरपाई म्हणून जादा सजदा) करायचा, आणि नाजिला आली तर पाचही नमाजांत. मालिकी फजरलाच, हळू आवाजात आणि रुकूच्या आधी. हंबली नाजिलाची कुनूत मुख्यतः राज्यकर्त्याचं किंवा त्याच्या प्रतिनिधीचं काम समजतात. हनफींकडं फजरला रोज नाही, पण तहावी (मृत्यू 933) यांनी संकट आलं तर हरकत नाही असं म्हणून ठेवलंय, नंतर इब्न आबिदीन यांनी दमास्कसला बसून ते फजरपुरतं आणि रुकूनंतर असं पक्कं केलं, भारतातले देवबंदी आणि बरेलवी दोघंही ढोबळमानानं त्याच वाटेनं जातात. हात बांधायचे, सोडायचे का दुआसारखे वर उचलायचे यावर हनफींतच तीन मतं आहेत. रोजच्या कुनूतच्या विरोधात तिरमिजीच्या हदीससंग्रहातलं अबू मालिक अशजई यांचं कथन सांगतात, त्यांनी वडिलांना विचारलं, तुम्ही पैगंबरांच्या आणि चारही खलिफांच्या मागं नमाज पढलात, ते फजरला कुनूत वाचायचे का, तर वडील म्हणाले पोरा, हे नवीन काढलेलं आहे.

समोरचा मुसलमानच असेल तर नाजिला वाचायची का, हा प्रश्न आजचा वाटतो पण तो सिफ्फीनच्या लढाईइतका (इ.स. 657) जुना आहे. इराकातल्या कूफ्याच्या परंपरेत असं येतं की खलिफा हजरत अली यांनी मुआविया यांच्याविरुद्ध कुनूत वाचली आणि तिकडं मुआवियांनीही वाचली, इराक आणि शामच्या (सीरियाकडच्या) लोकांनी ती आपापल्या पुढाऱ्यांकडनं उचलली. वाटमारी करून दहशत बसवणाऱ्यांसाठी फिकहमध्ये (धर्मकायद्यात) हिराबा हे वेगळंच कलम आहे, हनफी ग्रंथांत तर असल्या लढाईत मारल्या गेलेल्या लुटारूची जनाजाची नमाजही पढू नये असं जुनंच लिहिलेलं आहे. 26 नोव्हेंबर 2008 नंतर मुंबईच्या बडा कबरस्तानच्या ट्रस्टनं नऊ हल्लेखोरांना जागा द्यायला नकार दिला ती याच्याही पुढची पायरी होती, ग्रंथाच्या अक्षराला धरून बघितलं तर नमाज नाकारणं आणि माती नाकारणं या दोन गोष्टी एक नाहीत, पण त्या दिवसांत कुणी तो कीस पाडला नाही आणि बरंच झालं. सरकारनं ते मृतदेह गुपचूप पुरल्याचं 2010 मध्ये सांगितलं. हल्ल्याच्या आधी, 31 मे 2008 ला, दिल्लीच्या रामलीला मैदानावर देवबंदच्या दारुल उलूमचा दहशतवादाविरुद्धचा फतवा जाहीर झाला होता. बाहेरच्या देशांतलं नोव्हेंबर 2004 चं अम्मानचं निवेदन आणि सप्टेंबर 2014 ला 120 पेक्षा जास्त उलेमांनी ‘इस्लामिक स्टेट’चा म्होरक्या बगदादीला लिहिलेलं उघड पत्र हे दोन्ही अतिरेकाविरुद्ध आहेत, कुनूतशी त्यांचा संबंध लांबचा.

कोल्हापुरातली जमात बहुतांशी हनफी, पण रत्नागिरी-राजापूरकडनं घाट चढून धंद्यापाण्याला आलेले कोकणी मुसलमान शाफई, त्यामुळं दोन्ही रीती एकाच सफेत, म्हणजे नमाजेच्या रांगेत, बघायला मिळतात. एरवी फजरला हनफी इमाम रुकूतून उठून तडक सजद्यात जातो आणि कोकणी भाऊ आपली कुनूत ओठातल्या ओठात उरकतो किंवा सोडून देतो. उलट कोल्हापूरचा माणूस लग्नाला कोकणात गेला की तिथल्या इमामाचे हात वर गेल्यावर हा गप्प उभा, कारण हनफी पंथाचे संस्थापक इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद यांच्या मते मागच्यानं गप्प राहायचं, दुसरे शिष्य अबू यूसुफ मात्र इमामाबरोबर वाच म्हणतात. नाजिला चालू असते तेवढे दिवस हा फरक मिटतो, दोघंही एकाच वेळी थांबतात.

दुआ अरबी आणि लांबलचक, सुरुवात बऱ्याचदा पैगंबरांनी नातू हजरत हसन यांना शिकवलेल्या ‘अल्लाहुम्महदिनी’नं आणि पुढं पीडितांसाठी मदत, जुलूम करणाऱ्यांच्या फळीत फूट वगैरे. कागदावर बघून वाचलं तर अबू हनीफांच्या मते नमाजच तुटते, म्हणून इमामाला ती पाठच लागते, आणि नवीन मौलाना असले तर तिसऱ्या-चौथ्या वाक्याला अडखळतात, मागनं कुणीतरी खाकरतं. वजूखान्याच्या नळांवर देवनागरीत लिहिलेली झेरॉक्स सेलोटेपनं चिकटवलेली असते, कोपरे पाण्यानं फुगलेले, कारण पोरांना उर्दू येत नाही, मराठी शाळेत शिकलेली. शाहू महाराजांनी 1906 मध्ये जिथं मुस्लिम बोर्डिंग काढलं आणि कुराण मराठीत आणायचाही प्रयत्न केला त्या गावात हे चालायचंच. थंडीच्या दिवसांत म्हातारे गुडघे चोळत उभे असतात, नमाज पाच-सात मिनिटं लांबते आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाणारे उशिरा पोचतात.

नाजिला कधी सुरू करायची हे शिस्तीत बघितलं तर मोबाईलवर आलेल्या व्हिडिओवर ठरू नये, 49 व्या सूरेची 6 वी आयत बातमी आधी तपासा असंच सांगते, पण दबाव तिथूनच येतो हेही खरं, कुणी ना कुणी इमामाला बाहेर गाठून मौलाना, त्या मशिदीत चालू झाली आपल्याकडं का नाही असं विचारतंच. चांगले इमाम नावं टाळतात, ‘जालिम’ एवढ्यावर भागवतात.

थांबवायची कधी याला अनस यांचा एक महिना हा एक दाखला, आणि दुसरा अबू हुरैरांचा. मक्केत अडकलेल्या वलीद, सलमा आणि अय्याश यांच्या सुटकेसाठी पैगंबर नाव घेऊन दुआ करायचे, एक दिवस ती बंद झाली म्हणून अबू हुरैरांनी चौकशी केली तर उत्तर मिळालं, ते येऊन पोचलेत की. आपल्याकडं बंद झाल्याचं जाहीर करायची पद्धत नाही, एखाद्या पहाटे इमाम रुकूतून उठतो, अल्लाहू अकबर म्हणून सरळ सजद्यात जातो आणि मागची निम्मी सफ अजून उभीच असते.