मॉन्सल ट्रेल: बोगदे उघडण्याआधीची गोष्ट

इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली मॉन्सल ट्रेल ही वाट आहे. तिच्यावर बेकवेल गावाहून सायकल काढली की जवळपास साडेआठ मैल मोटारींची कटकट नाही. चढ आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. पायांना तेवढा कळतो. परतीला पायडल मारायचं काम निम्म्यावर येतं. ही सोय सायकलवाल्यांसाठी कुणी केलेली नाही. वाफेच्या इंजिनाला झेपेल इतपतच चढ ठेवणं भाग होतं.

रेल्वे इथे १८६३ मध्ये आली. मॉन्सल हेडखालच्या पाच कमानींच्या पुलावर तेव्हा भरपूर टीका झाली. बक्स्टन गावच्या मूर्खांना अर्ध्या तासात बेकवेल गाठता यावं म्हणून एवढी सुंदर दरी नासवली, असा एका नामवंत कलासमीक्षकाचा त्रागा होता. तोच पूल १९७० मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत गेला, आणि आता लोक मुद्दाम त्याचा फोटो काढायला येतात. तोवर गाड्या थांबून दोन वर्षं झाली होती. १९६८ मध्ये हा मार्ग बंद पडला.

त्यानंतरचा खरा वादाचा मुद्दा बोगद्यांचा. १९८० मध्ये पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाने जमीन ताब्यात घेतली, पुढच्या वर्षी वाट खुली केली, पण सुरक्षिततेच्या कारणावरून बोगद्यांची तोंडं बंदच ठेवली. म्हणजे रूळ उखडलेली सपाट वाट बोगद्यापाशी येऊन खुंटायची, आणि पुढे डोंगराच्या अंगाने पायवाटेने जावं लागायचं. कुठे पायऱ्या, तर ‘ची डेल’ नावाच्या दरीत नदीच्या कडेने दगडांवर पाय टाकत जायचं. चालणाऱ्यांना त्यात मजा होती. सायकलवाल्यांना सायकल खांद्यावर घ्यायची किंवा मागे फिरायचं. कागदावर ट्रेल होती, सायकलसाठी ती तुकड्यातुकड्यांत होती. तीस वर्षं! धोका खरा असेलही. पण तीस वर्षं तोच तोडगा म्हणजे सवय झाली, असं मला वाटतं.

२०११ च्या मे महिन्यात सुमारे साडेबावीस लाख पौंड खर्चून चार मोठे बोगदे उघडले. प्रत्येकाची लांबी साधारण चारशे मीटर. आत दिवे दिवसा असतात, अंधार पडायच्या सुमारास विझतात. म्हणून संध्याकाळी निघणाऱ्याने सायकलचा दिवा विसरू नये. उन्हातून आत शिरताच हवा एकदम गार होते आणि मागून येणाऱ्या मुलांचा आरडाओरडा छताला आपटून आपल्या पुढे जातो.

पण ‘वाहतूकमुक्त’ हा शब्द इथे तात्पुरता धरावा. याच मार्गावरून मॅटलॉक ते बक्स्टन रेल्वे पुन्हा सुरू व्हावी ही मागणी जुनीच आहे. २००४ च्या एका अभ्यासात खर्च परवडणारा नसल्याचा निष्कर्ष निघाला, पण मार्गावर बांधकाम होऊ न देता तो राखून ठेवावा असंही सांगितलं गेलं. रेल्वेप्रेमींच्या लेखी हे बोगदे गाड्यांचे आहेत, सायकलवाले त्यात भाडेकरू. वाटेवरच्या मिलर्स डेल या जुन्या स्टेशनला एके काळी पाच प्लॅटफॉर्म होते. तिथे प्लॅटफॉर्मच्या कडेला सायकल टेकवून कॉफी पिताना हा दावा अगदीच पोकळ वाटत नाही.